पट्टीवरचा शून्य

मागच्या संक्रांतीला मावशीकडे हळदीकुंकू झालं. मावसबहिणीने फोनवर त्याचं चित्रीकरण केलं होतं. पुढच्या रविवारी आम्ही सगळे जमलो, तेव्हा तिने ते लॅपटॉपवर घेतलं, एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि व्हिडिओ लावला. मिनिटभर बघून मावशी म्हणाली, “अगं, माझी चंद्रकळा एवढी विटलीय?”

साडी विटलेली नव्हती. काळी कुळकुळीत चंद्रकळा आतल्या खोलीत दांडीवर होती. टीव्हीवर मात्र ती हाताने पुसलेल्या पाटीसारखी दिसत होती, काळ्यावर खडूचा पांढुरका थर बसल्यासारखी. मावसबहिणीने फोन पुढे केला. तोच व्हिडिओ, पण फोनवर साडी काळीच. मग मावसभावाने रिमोट घेतला आणि टीव्हीचा ब्राइटनेस उतरवला. साडी थोडी काळी झाली, पण तिच्याबरोबर चेहरे, रांगोळी, तिळगुळाची ताटं, सगळंच मंदावलं. त्या टीव्हीत हा बदल सगळ्या जोडण्यांना एकदम लागू होत होता. त्यामुळे रात्री सेट-टॉप बॉक्सवरची मालिका लावली, तेव्हा त्यातली माणसं भरदुपारच्या प्रसंगातही तिन्हीसांजेला वावरत होती.

हा दोष हजारो घरांत आहे आणि बहुतेकांना तो दोष आहे हेच ठाऊक नसतं. ‘आमच्या टीव्हीचे रंग असेच आहेत’ असं म्हणून माणसं वर्षानुवर्षं फिकट चित्र बघतात. यात पडदा बिघडलेला नसतो, केबल खराब नसते, कॅमेराही निर्दोष असतो. चित्र पूर्ण पोचलेलं असतं. काळा म्हणजे कोणता आकडा, एवढ्याच बाबतीत दोन यंत्रांचं जुळलेलं नसतं.

शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी आठवा. तिच्या डाव्या टोकाला थोडी जागा कोरी असते आणि मग शून्याची रेघ येते. टोक झिजलं तरी माप चुकू नये म्हणून ती जागा सोडलेली असते. सुताराच्या पोलादी पट्टीवर शून्य थेट टोकावर असतो. दोन्ही पट्ट्या खऱ्या आणि दोन्हींचा सेंटिमीटर सारखाच. पण पोलादी पट्टीच्या सवयीने कोणी कंपासपेटीतली पट्टी टोकापासून धरली, तर प्रत्येक माप चुकणार.

व्हिडिओत अशाच दोन पट्ट्या आहेत. साध्या, म्हणजे ८ बिटांच्या चित्रात उजेडाच्या पायऱ्या ० ते २५५ अशा २५६ असतात. संगणकाच्या पट्टीवर ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. हिला फुल रेंज म्हणतात. टीव्हीच्या पट्टीवर काळा १६ वर सुरू होतो आणि पांढरा २३५ वर संपतो. ही लिमिटेड रेंज. रंगाची माहिती वाहणाऱ्या दोन घटकांसाठी टीव्हीची हद्द १६ ते २४० आहे. १० बिटांच्या व्हिडिओत हेच आकडे चौपट होतात आणि काळा ६४ वर, पांढरा ९४० वर जातो.

टीव्हीवाल्यांनी टोकाची जागा कोरी का सोडली, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण ‘लिमिटेड’ हा शब्द ऐकून त्यांनी काहीतरी काटछाट केली असं वाटतं. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडिओ सल्लागार समितीने, म्हणजे सीसीआयआरने, डिजिटल टीव्हीसाठी ६०१ क्रमांकाची शिफारस स्वीकारली. अमेरिका-जपानची ५२५ रेषांची पद्धत आणि युरोप-भारताची ६२५ रेषांची पद्धत यांना एकाच मोजणीत बसवणारा हा पहिला मोठा करार होता. सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने आणि दृश्य रेषेवर ७२० ठिपके, हे दोघांनाही सारखं ठरलं. त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं. आपण ६२५ रेषांच्या गटातले, म्हणजे हा करार आपल्याही पडद्यासाठी होता.

तेव्हा कॅमेऱ्यापासून प्रक्षेपणापर्यंतचा बराचसा प्रवास अॅनालॉग होता. अॅनालॉग संकेत गाळणीतून जाताना गडद आणि उजळ भागांच्या सीमेवर उसळी घेतो. काळ्या चौकटीशेजारी पांढरी भिंत असेल, तर सीमेपाशी तो क्षणभर काळ्याच्याही खाली आणि पांढऱ्याच्याही वर जातो. ही उसळी कापली तर पुढच्या टप्प्यावर कडा विद्रूप होतात. म्हणून खाली १५ आणि वर १९ पायऱ्या तिला मोकळ्या ठेवल्या. ० आणि २५५ हे दोन आकडे चित्राला दिलेच नाहीत. रेषा कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे सांगणाऱ्या खुणांसाठी ते राखले. मला हा निर्णय अतिशय शहाणपणाचा वाटतो. पुढे एचडीचं ७०९ आणि अतिउच्च दर्जाचं २०२० ही मानकं आली, त्यांनीही हीच पट्टी चालू ठेवली. आज तुम्ही ब्लू-रेवर, ओटीटीवर किंवा सेट-टॉप बॉक्सवर जे पाहता, ते जवळजवळ सगळं १६ ते २३५ मध्ये बांधलेलं असतं.

संगणकाचा रस्ता वेगळा होता. तिथे अॅनालॉग गाळण्या नव्हत्या, उसळीचा प्रश्न नव्हता. छापायचं अक्षर, रंगवायची खिडकी, फोटो, सगळं ० ते २५५. जेपेग फोटोसुद्धा पूर्ण पट्टी वापरतो. संगणकाला संगणकाचा पडदा आणि टीव्हीला टीव्हीचा पडदा होता, तोवर दोन्ही पट्ट्या आपापल्या घरी सुखात होत्या. २००२ च्या अखेरीला एचडीएमआय आलं आणि एकाच खाचेतून दोन्ही प्रकारचे संकेत जायला लागले. भांडण तिथून सुरू झालं.

एचडीएमआय ज्या नियमावलीवर चालतं, तिच्यानुसार टीव्हीच्या मापाचं चित्र असेल, उदाहरणार्थ १९२० गुणिले १०८०, तर दुसरं काही सांगितलेलं नसताना ते लिमिटेड धरायचं. संगणकी मापाचं असेल तर फुल. आता गंमत बघा. आजच्या साध्या मॉनिटरचं मापही १९२० गुणिले १०८० च असतं. लॅपटॉपचा ग्राफिक्स ड्रायव्हर त्याला टीव्ही समजतो आणि लिमिटेड पाठवतो, मॉनिटर फुलची वाट बघत असतो. चित्राबरोबर एक छोटी चिठ्ठीही जाते, जिच्यात ‘मी अमुक पट्टीत पाठवतोय’ असं लिहिता येतं. पण काही यंत्रं ती चिठ्ठी लिहीत नाहीत आणि काही पडदे ती वाचत नाहीत.

यातून दोन प्रकारचे दोष निघतात. पाठवणारा लिमिटेड आणि दाखवणारा फुल असेल, तर १६ हा आकडा काळा न दिसता करडा दिसतो आणि २३५ हा पूर्ण पांढरा न होता मळकट राहतो. चंद्रकळेचं झालं ते हेच. पडद्याचा गॅमा, म्हणजे आकड्याचा उजेड करताना लागणारा घातांक, २.२ धरून हिशेब केला, तर १६ या पायरीवर पडदा आपल्या कमाल उजेडाच्या सुमारे ०.२३ टक्के उजेड देतो आणि २३५ वर सुमारे ८४ टक्के. ०.२३ टक्के हा आकडा नगण्य वाटेल. पण दोघांचं गुणोत्तर काढा, ते जेमतेम ३७० निघतं. म्हणजे ओएलईडी टीव्ही घेतला, ज्याचा काळा म्हणजे पूर्ण विझलेला ठिपका, त्यावर या एका चुकीच्या नोंदीमुळे काळ्यापांढऱ्यातला फरक ३७० पटींवर येऊन अडकतो. खोलीतले दिवे मालवले की हे लगेच दिसतं.

दुसरा दोष उलटा आणि जास्त वाईट. पाठवणारा फुल आणि दाखवणारा लिमिटेड असेल, तर दाखवणारा १६ पर्यंतचं सगळं काळ्यात टाकतो आणि २३५ च्या वरचं सगळं पांढऱ्यात. चंद्रकळेच्या निऱ्या, काळ्या केसांचा पोत, रात्रीच्या रस्त्यावरची झाडं, हे सगळं एका सपाट काळ्या डागात जातं. लग्नाच्या व्हिडिओत नवरदेवाचा पांढरा सदरा कागद कापून चिकटवल्यासारखा दिसतो. असा व्हिडिओ पहिल्या नजरेला ‘छान कडक’ वाटतो आणि म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण करड्या चित्रात माहिती शाबूत असते, फक्त चुकीच्या जागी असते. कापलेल्या चित्रात त्या पायऱ्या पडद्यावर दिसतच नाहीत, आणि ब्राइटनेसच्या खेळाने त्या सहसा परत येत नाहीत. दोन्हींतला एक निवडायची वेळ आली, तर मी करडा निवडीन.

आता दोष शोधायचा कसा? फाइल, ती चालवणारा प्लेअर, ग्राफिक्स ड्रायव्हर, केबलवरचा संकेत आणि पडदा अशा पाच ठिकाणांहून चित्र जातं. लिमिटेडचं फुल करणं म्हणजे आकड्यातून १६ वजा करून उरलेल्याला २५५ भागिले २१९ ने, साधारण १.१६४ ने, गुणणं. मधल्या करड्याचा १२६ असा १२८ होतो. हे काम वाटेत गरजेइतकंच व्हायला हवं. कुणीच केलं नाही तर फिकटपणा, दोघांनी केलं तर काळोख. म्हणून सगळीकडची बटणं एकदम फिरवू नका. आधी चूक कुठल्या ठिकाणी आहे ते पकडा.

सगळ्यात सोपी परीक्षा अशी. व्हिडिओ बंद करा आणि टीव्हीवर नुसता लॅपटॉपचा डेस्कटॉप बघा. पूर्ण काळं वॉलपेपर लावा. तेही करडं दिसत असेल, तर फाइल आणि प्लेअर निर्दोष आहेत, भांडण ड्रायव्हर आणि पडद्यात आहे. डेस्कटॉप ठणठणीत काळा आणि फक्त व्हिडिओ करडा, तर दोष प्लेअरमध्ये, ड्रायव्हरच्या व्हिडिओ विभागात किंवा फाइलमध्ये.

दुसरी खूण मला फार आवडते, कारण तिला काहीच साधन लागत नाही. सिनेमाच्या वर आणि खाली काळे पट्टे असतात. काही पट्टे व्हिडिओतच कोरलेले असतात, काही प्लेअर स्वतः काढतो. प्लेअरची खिडकी अशी ओढा की चित्राभोवती प्लेअरचे स्वतःचे पट्टेही दिसतील. दोन काळे शेजारी आले आणि आतला बाहेरच्यापेक्षा फिकट निघाला, तर व्हिडिओचा लिमिटेडमधून फुलमध्ये विस्तार झालेला नाही, हे सिद्ध.

आकड्यात उत्तर हवं असेल, तर व्हिडिओचा काळा प्रसंग थांबवून लॅपटॉपवर स्क्रीनशॉट घ्या आणि चित्रं दुरुस्त करायच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये रंग टिपणाऱ्या ड्रॉपरने काळ्यावर टिचकी मारा. तिन्ही आकडे शून्य आले, तर लॅपटॉपच्या आत सगळं ठीक आहे. १६, १६, १६ आले, तर दोष प्लेअरमध्ये, ड्रायव्हरच्या व्हिडिओ विभागात किंवा फाइलमध्ये. टीव्हीचा फोनने फोटो काढून मात्र तुलना करू नका. फोनचा कॅमेरा स्वतःच उजेड कमीजास्त करतो आणि तो पुरावा काहीच सांगत नाही.

पडद्याची बारीक तपासणी करायची असेल, तर एव्हीएस एचडी ७०९ नावाची चाचणी-चित्रांची मालिका फुकट मिळते. तिच्या काळ्याच्या चित्रात आकडे लिहिलेल्या उभ्या पट्ट्या लुकलुकतात. १७ पासून पुढच्या दिसल्या आणि १६ व त्याखालच्या काळ्यात विरघळल्या की पट्टी बरोबर लागली. १६ च्या खालच्याही स्वच्छ दिसत असतील, तर काळा वर उचललेला आहे. २० किंवा २२ पर्यंत काहीच दिसत नसेल, तर खालचं टोक कापलं जातंय.

जागा सापडली की दुरुस्ती दोन मिनिटांची असते. नोंदीचं नाव मात्र प्रत्येकाने वेगळं ठेवलंय. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रिझोल्यूशनच्या पानावर ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ असते. ही केबलवर काय जाणार ते ठरवते. त्याच पॅनेलमध्ये व्हिडिओच्या रंगांच्या पानावर आणखी एक ‘डायनॅमिक रेंज’ आहे, ती फक्त व्हिडिओच्या विस्तारापुरती. नावं जवळपास सारखी असल्यामुळे लोक एक बदलतात आणि दुसरी विसरतात. विंडोजवर व्हीएलसीमध्येच तेवढं चित्र फिकं दिसत असेल, तर आधी ही दुसरी तपासा. एएमडीमध्ये ‘पिक्सेल फॉरमॅट’च्या यादीत पीसी स्टँडर्ड म्हणजे फुल आणि स्टुडिओ म्हणजे लिमिटेड. इंटेलमध्ये हेच ‘क्वांटायझेशन रेंज’ या नावाने येतं. लिनक्सवर इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ‘ब्रॉडकास्ट आरजीबी’ हा गुणधर्म आहे. प्लेस्टेशन ४ वर ‘आरजीबी रेंज’, एक्सबॉक्सवर ‘कलर स्पेस’. कोडी या प्लेअरमध्ये १६ ते २३५ वापरायचा पर्याय आहे, एमपीव्ही या प्लेअरमध्ये बाहेर जाणारी पातळी ठरवता येते.

टीव्हीच्या बाजूला सॅमसंगमध्ये ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ बघा. तिथे ‘लो’ म्हणजे लिमिटेड आणि ‘नॉर्मल’ म्हणजे फुल. एलजीमध्ये ‘ब्लॅक लेव्हल’ लो किंवा हाय. सोनीमध्ये ‘एचडीएमआय व्हिडिओ रेंज’, आणि तिथे पर्यायांची नावं सरळ फुल व लिमिटेड अशी आहेत. हे सगळ्या कंपन्यांनी करायला हवं. ‘लो’ आणि ‘नॉर्मल’ वाचून सामान्य माणसाला वाटतं की एक कमी प्रतीचा आणि एक नेहमीचा, आणि तो बिनदिक्कत ‘नॉर्मल’ लावतो. एकाच गोष्टीला प्रत्येकाने वेगळं नाव ठेवायचं आणि मग ग्राहकाने चुकू नये अशी अपेक्षा करायची, हा ग्राहकावर अन्याय आहे. ही नोंद कधीकधी राखाडी होऊन बदलताच येत नाही. तसं झालं तर घाबरू नका. संकेत आरजीबी नसून वायसीबीसीआर प्रकारचा असेल, तर एचडीएमआयवर तो लिमिटेडच धरला जातो आणि टीव्हीला विचारण्यासारखं काही उरत नाही. सिनेमाच बघायचा असेल, तर ड्रायव्हरमध्ये हा प्रकार निवडणं हीसुद्धा एक सुटका आहे. मात्र त्यातल्या कमी रंगमाहितीच्या प्रकारांत छोटी अक्षरं कडेला रंगीत आणि पुसट होतात, त्यामुळे लिहिण्यावाचण्याच्या कामाला तो नको.

मग लिमिटेड ठेवू की फुल? संगणक ज्याचा मुख्य सोबती आहे अशा मॉनिटरला दोन्हीकडे फुल. प्लेअर, कन्सोल आणि सेट-टॉप बॉक्स ज्याला जोडलेले असतात, त्या टीव्हीला दोन्हीकडे लिमिटेड. ‘फुल’ हा शब्द ऐकून सगळीकडे फुल करत सुटणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. व्हिडिओ मुळात १६ ते २३५ मध्येच बांधलेला आहे. तो ताणून २५६ पायऱ्यांवर पसरला, म्हणून त्यात नव्या छटा जन्माला येत नाहीत, मधल्या ३६ पायऱ्या रिकाम्या राहतात इतकंच.

फाइलमधला दोष शोधायला जरा चिकाटी लागते. काही फोन आणि फोटोचे कॅमेरे व्हिडिओसुद्धा फुल रेंजमध्ये टिपतात आणि फाइलमध्ये तशी खूण ठेवतात. एच.२६४ प्रकारच्या व्हिडिओत ही खूण अवघ्या एका बिटाची असते, आणि ती नसेल तर लिमिटेड समजावं असा नियम आहे. एखाद्या संपादनाच्या प्रोग्रॅमने ती खूण गाळली की फुल व्हिडिओ लिमिटेड समजून वाचला जातो आणि काळे भाग बुडतात. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली, तर ‘कलर रेंज’समोर काय लिहिलंय ते दिसतं. एफएफएमपेगच्या तपासणीत लिमिटेडला ‘टीव्ही’ आणि फुलला ‘पीसी’ म्हणतात.

इथे दोन वेगळ्या दुरुस्त्या आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. आकडे बरोबर असून खूण चुकली असेल, तर फक्त खूण बदलायची. ते क्षणात होतं आणि चित्राला धक्का लागत नाही. खूण बरोबर असून तुम्हाला पट्टीच बदलायची असेल, तर सगळे आकडे नव्याने मोजून व्हिडिओ पुन्हा बांधावा लागतो. कुठली लागू आहे ते संपादनाच्या प्रोग्रॅममधल्या वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, कळतं. गडद प्रसंगातही आलेख १६ च्या खाली सहसा उतरत नसेल, तर तो लिमिटेड. पडद्याचं ध्वनिचित्रमुद्रण करणाऱ्यांनी ओबीएसच्या अॅडव्हान्स्ड विभागात लिमिटेडच ठेवावं. ज्या हजार पडद्यांवर तो व्हिडिओ जाणार आहे, त्यांची तीच अपेक्षा असते.

प्रत्येक फिकट चित्र रेंजचं नसतं, हेही सांगायला हवं. एचडीआर व्हिडिओ साध्या पडद्यावर रूपांतर न करता लावला, तरी चित्र फिकं पडतं. पण त्यात चेहऱ्यांचा रंगच उडालेला असतो, कुंकू विटकरी दिसतं. रेंजच्या दोषात काळा आणि पांढरा आधी बिघडतात. काळा काळाच आहे पण हिरवा-तांबडा किंचित सरकलेला आहे, असं असेल तर जुन्या ६०१ आणि नव्या ७०९ मानकांच्या रंगसूत्रांची अदलाबदल झालेली असते.

मावशीच्या घरी डेस्कटॉपही करडाच निघाला. म्हणजे भांडण ड्रायव्हर आणि टीव्ही यांच्यात. कोणीतरी त्या एचडीएमआय खाचेला टीव्हीत ‘पीसी’ असं नाव देऊन ठेवलं होतं, त्यामुळे तो टीव्ही तिथे फुलची अपेक्षा धरून बसला होता. लॅपटॉप मात्र १०८० रेषांचं माप बघून लिमिटेड पाठवत होता. सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या खाचेत होता, त्याला रेंजच्या या भानगडीची झळ नव्हती. त्या खाचेला संगणकच जोडलेला, म्हणून लॅपटॉपवर आउटपुट फुल केलं. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला. चंद्रकळा काळी झाली आणि तिच्या निऱ्याही मोजता यायला लागल्या. मग मावसभावाने खाली ओढलेला ब्राइटनेस मूळ जागी नेऊन ठेवला, ही पायरी कधीही विसरू नका.

मावशीने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला.